गोळीचा खाडा: ‘होल्ड’ या एका क्रियापदाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मध्यम आकाराचं रुग्णालय आहे. शस्त्रक्रियेच्या आधी काय करायचं, काय टाळायचं, याचा दोन पानी कागद तिथे रुग्णाच्या हातात दिला जातो. तो वर्षानुवर्षं इंग्रजीत होता. मराठीत करायचं ठरलं तेव्हा काम आमच्याकडे आलं. भाषांतर एका सहकाऱ्याने केलं आणि तपासणी मी केली. खाली जे घडलं त्यात माझी सही असलेला कागद आहे, म्हणून हे प्रकरण मीच लिहितो आहे. गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. शब्द मात्र जसे बोलले आणि छापले गेले तसेच ठेवले आहेत.

रुग्ण म्हणजे अडुसष्ट वर्षांच्या एक आजी. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून त्या काही वर्षांपासून रोज संध्याकाळी वॉरफरिन घेत. घरात तिला ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणत. पित्ताशयातल्या खड्यांनी त्रास वाढला, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायचं ठरलं, सोमवारची तारीख मिळाली. मुलगा टेम्पो चालवतो. औषधांचं सगळं सूनबाई बघतात. त्या बारावी शिकलेल्या आहेत आणि हातात आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात.

इंग्रजी कागदावर एक ओळ होती: शस्त्रक्रियेआधी पाच दिवस वॉरफरिन ‘होल्ड’ करा. मराठी कागदावर ती अशी उतरली: ‘शस्त्रक्रियेआधी ५ दिवस वॉरफरिन कायम ठेवा.’

सोमवारी सकाळी काय झालं

सूनबाईंनी कागदाप्रमाणे सगळं केलं. रविवारी संध्याकाळची गोळीही वेळेवर दिली. सोमवारी पहाटे भाड्याच्या गाडीने मंडळी रुग्णालयात पोहोचली. रक्त तपासलं तर आय.एन.आर. २.८ आला. रक्त गोठायला किती उशीर लागतो, याचं हे माप आहे. ही गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसात ते १ च्या आसपास असतं. आजींसारख्या रुग्णात ते मुद्दाम २ ते ३ च्या दरम्यान राखतात. म्हणजे एरवीसाठी २.८ हा आकडा उत्तम होता. पोटावर शस्त्रक्रिया करायची तर तो १.५ च्या खाली हवा. वॉरफरिनचा असर एका दिवसात उतरत नाही, म्हणून तर गोळी पाच दिवस आधीपासून थांबवावी लागते.

भूलतज्ज्ञांपुढे दोन वाटा होत्या. शिरेतून व्हिटॅमिन के देऊन आकडा उतरायची वाट बघायची, किंवा तारीख पुढे ढकलायची. व्हिटॅमिन केने आकडा उतरायला बारा ते चोवीस तास जातात, आणि नंतर वॉरफरिन पुन्हा लागू पडायलाही त्रास होऊ शकतो. खडे दुखत होते, पण जिवावरचं काही नव्हतं. त्यांनी तारीख पुढे ढकलली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. घरच्यांचा मात्र एक दिवसाचा धंदा बुडाला आणि गाडीभाडं वाया गेलं. त्याहून वाईट म्हणजे सूनबाईंना सगळ्यांसमोर विचारलं गेलं, ‘गोळी का दिली?’ त्यांनी पिशवीतून कागद काढून दाखवला.

मुलाने नंतर आणखी एक गोष्ट सांगितली. ओपीडीत डॉक्टर तोंडी म्हणाले होते, ‘ती गोळी होल्ड करायची आहे, सगळं कागदावर लिहिलंय.’ मुलाला ‘होल्ड’ बरोबर कळला होता. वाहतुकीच्या धंद्यात पेमेंट होल्डला पडतं म्हणजे काय होतं, हे तो अनुभवाने जाणतो. घरी येऊन तो तसं बोललाही. पण कागदावर ‘कायम ठेवा’ होतं, आणि छापील शब्दापुढे त्याने आपलं ऐकणं चुकीचं मानलं. ज्या घरात कागद नीट वाचला गेला त्याच घरात चूक घडली, हे मला अजून सलतं.

शब्द कुठे घसरला

सहकाऱ्याला इंग्रजी कमी येत होतं असं अजिबात नाही. त्याने आधीची काही वर्षं म्युच्युअल फंडांची माहितीपत्रकं मराठीत केली होती. त्या जगात ‘होल्ड’ म्हणजे विकू नका, जवळ ठेवा. तिथे ‘गुंतवणूक कायम ठेवा’ हे अचूक भाषांतर आहे. शेअरबाजारातला सल्लागार ‘होल्ड’ म्हणतो तेव्हा वस्तू हातात राहते. डॉक्टर ‘होल्ड’ म्हणतात तेव्हा तीच वस्तू हातात घ्यायची नसते. तोच शब्द, तोच आज्ञार्थ, आणि कृती अगदी उलट.

हे क्रियापद असं का वागतं, ते समजून घ्यायला हवं. जुन्या इंग्रजीत आणि तिच्या नात्यातल्या भाषांत त्याचा अर्थ राखणे, सांभाळणे असा होता. गॉथिक भाषेत तर गुरं राखणे असाच. आता गुरं राखणारा माणूस काय करतो? गुरं आपल्या ताब्यात ठेवतो, आणि दुसऱ्याच्या पिकात जाण्यापासून अडवतो. जवळ ठेवणं आणि अडवून ठेवणं ही दोन्ही कामं एकाच राखणीत येतात. पुढे इंग्रजीत या दोन्ही अंगांना फांद्या फुटल्या. पद, मत, शेअर, जमीन ‘होल्ड’ करतात तेव्हा पहिलं अंग. श्वास ‘होल्ड’ करतात, किंवा अमेरिकेतल्या उपाहारगृहात ‘होल्ड द ओनियन्स’ म्हणजे कांदा घालू नका असं सांगतात, तेव्हा दुसरं. डॉक्टरांचा ‘होल्ड’ या कांद्याच्या घरातला. याच मुळाचा जर्मन भाऊ ‘हाल्टन’, आणि त्यातून आलेला ‘हॉल्ट’ तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. रेल्वेचं छोटं हॉल्ट स्टेशन असतं, एसटीच्या ड्रायव्हरचा नाइट हॉल्ट असतो.

मराठीतही ‘धरणे’ काही कमी पसरलेलं नाही. आपण हट्ट धरतो, उपास धरतो, मौन धरतो, राग धरतो. पावसाने झड धरली म्हणतो, झाडाने फळ धरलं म्हणतो. अडवण्याचा अर्थही त्याच कुळात आहे, ‘धरण’ आणि ‘धरणं धरून बसणं’ त्यातूनच आले. पण क्रियापद म्हणून ‘गोळी धरा’ म्हटलं तर मराठी माणसाला त्यातून ‘घेऊ नका’ कधीच ऐकू येणार नाही. जमिनीच्या कायद्यात ‘होल्डिंग’साठी ‘धारण’ चालतं, कारण तिथे जवळ असण्याचाच अर्थ आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याच्या मराठी नावातच ‘धारण जमिनींचे तुकडे’ हे शब्द आहेत. तिथला प्रतिशब्द उचलून दवाखान्यात नेता येत नाही.

आता माझ्याबद्दल. सहकाऱ्याने ‘धरून ठेवा’ लिहिलं असतं तर ते वाक्य मला खटकलं असतं आणि मी मूळ इंग्रजी उघडलं असतं. ‘कायम ठेवा’ गुळगुळीत होतं. त्याच्या वरचीच ओळ ‘ब्लड प्रेशरच्या गोळ्या चालू ठेवा’ अशी होती, आणि ती बरोबर होती. दोन ओळी जुळ्या बहिणींसारख्या एकाखाली एक बसल्या. मी फक्त मराठी वाचत होतो, शेजारी इंग्रजी उघडलेलं नव्हतं. बाकी कितीही कारणं सांगितली तरी चूक तिथे झाली.

पहिली दुरुस्ती, आणि तिच्यातून दुसरी चूक

रुग्णालयाचा फोन आला त्याच दुपारी मी ओळ बदलून पाठवली: ‘शस्त्रक्रियेआधी ५ दिवस वॉरफरिन बंद करा.’ घाई होती, कारण उरलेल्या प्रती वाटल्या जात होत्या. रुग्णालयाने आजींच्या घरीही फोन करून हेच सांगितलं: ‘नवीन तारखेच्या आधी गोळी बंद करा.’ त्या क्षणी कोणालाच यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

नवीन तारीख पुन्हा सोमवारचीच होती. मंगळवारी संध्याकाळी शेवटची गोळी, बुधवारपासून बंद. सोमवारी आकडा १.३ आला आणि शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, आजी घरी गेल्या. त्याच संध्याकाळपासून वॉरफरिन पुन्हा सुरू करायची होती. तसं डिस्चार्ज कार्डवर लिहिलेलंही होतं, पण इंग्रजीत, वेदनाशामकाच्या आणि अँटिबायोटिकच्या ओळींच्या मध्ये.

टाके काढायला आजी पुढच्या बुधवारी आल्या. सिस्टरांनी सहज विचारलं, ‘आजी, रक्त पातळ करायची गोळी घेताय ना?’ आजी म्हणाल्या, ‘ती तर बंद केली की तुम्ही.’ तपासलं तर आकडा १.१. लागोपाठ चौदा संध्याकाळी गोळी पोटात गेली नव्हती. त्यातल्या सहा ठरवलेल्या होत्या, आठ न ठरवलेल्या. अनियमित ठोक्यांच्या हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ नये, यासाठीच ती गोळी असते. या वेळी धोका पहिल्यापेक्षा मोठा होता. पहिल्या चुकीला आडवी यायला निदान रक्ततपासणी होती. दुसरीला सिस्टरांच्या एका सहज प्रश्नाशिवाय काहीच आडवं येणार नव्हतं.

सुदैवाने काही झालं नाही. त्याच दिवशी गोळी सुरू झाली. सिस्टरांनी आजींना समजावलं की गोळी तेवढ्या दिवसांपुरतीच थांबवायची होती. त्यावर आजी जे म्हणाल्या ते सिस्टरांनी मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं: ‘मग तवाच सांगायचं ना, खाडा हाय म्हणून. बंद म्हणालात तर बंद केली.’

कोणते शब्द तोलले

आजींच्या त्या वाक्याने माझी चूक मला पहिल्यांदा पूर्ण कळली. ‘कायम ठेवा’ने ‘होल्ड’चा अर्थ उलटा केला होता. ‘बंद करा’ने त्याचा अर्धा भाग कापून टाकला होता. डॉक्टरांच्या ‘होल्ड’मध्ये दोन गोष्टी असतात: आत्ता देऊ नका, आणि हिची जागा राखून ठेवा, ही परत यायची आहे. कायमचं थांबवायचं असेल तर इंग्रजीत डॉक्टर वेगळं क्रियापद वापरतात. मराठीत ‘दूध बंद केलं’ म्हणजे गवळ्याचा हिशेब मिटवला. ‘शाळा बंद केली’ म्हणजे नाव काढलं.

मग आम्ही बसलो: भूलतज्ज्ञ, दोन सिस्टर, औषधांच्या काउंटरवरचे फार्मासिस्ट आणि मी. ‘स्थगित ठेवा’ हा अर्थाने सर्वांत जवळचा शब्द होता, पण तो मंत्रालयाच्या परिपत्रकातला. आजींच्या कानाला तो निवडणुकीच्या बातमीसारखा लागला असता. ‘रोखून ठेवा’मध्ये शिक्षेचा वास आहे, पगारवाढ रोखतात. शिवाय रोखणारा कोणी दुसरा असतो, इथे तर गोळी रुग्णाच्याच डब्यात आहे. ‘राखून ठेवा’ मला मनापासून आवडला होता, न्यायालय निकाल राखून ठेवतं तसा, आणि मूळ इंग्रजी शब्दाच्या गुरांच्या राखणीशीही जुळणारा. पण सिस्टर म्हणाल्या, ‘गोळ्या राखून ठेवा म्हटलं की बाया डबा कपाटात ठेवून कुलूप लावतील, कधी घ्यायच्या ते कुठे कळलं?’ त्यांचं बरोबर होतं. ‘होल्डवर ठेवा’ असंच लिहू, असं फार्मासिस्ट म्हणाले. टेम्पोवाल्या मुलाला तो शब्द कळलाच होता. पण म्हाताऱ्या बायांना तो कळेल याची खात्री नव्हती, आणि शेअर ‘होल्ड’ करणाऱ्या एखाद्या निवृत्त मास्तरांना तो उलटाच कळला असता.

राहिला ‘खाडा’. दुधाचा खाडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहितात. खाडा लिहिताना दूध परत सुरू होणार हे कोणाला सांगावं लागत नाही, ते शब्दातच असतं. किती दिवसांचा, तेही मोजलेलं असतं. ‘होल्ड’ची दोन्ही अंगं एका शब्दात धरणारा असा दुसरा मराठी शब्द मला तरी सापडला नाही.

भूलतज्ज्ञांनी मात्र हरकत घेतली आणि ती वजनदार होती. ‘आम्ही रोज रुग्णांना ओरडतो, गोळ्यांचा खाडा करू नका. आता कागदावर आम्हीच खाडा लिहायचा?’ खरंच आहे. कामावरचा खाडा हा दोष असतो, त्याचे पैसे कापले जातात. रोजच्या गोळ्यांचा खाडा तर क्षयरोगासारख्या आजारात फार महाग पडतो. यावर सिस्टरांनीच फरक दाखवला. कामाचा खाडा पडतो. दुधाचा खाडा आपण आदल्या दिवशी गवळ्याला सांगून ठेवतो. एक अंगावर येतो, दुसरा ठरवून केलेला असतो. शेवटी ‘डॉक्टरांनी सांगितलेला खाडा’ असं लिहायचं ठरलं. काही भागांत याच अर्थाने ‘नागा’ म्हणतात. आमचा कागद ज्या गावांत जाणार होता तिथे ‘खाडा’च चालतो, म्हणून तो वाद वाढवला नाही.

काय केलं

एका शब्दावर सगळा भार टाकायचा नाही, हा त्या बैठकीतला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्णय. ‘५ दिवस आधी’ हेही आम्ही काढलं. पाच दिवस कुठून मोजायचे, शस्त्रक्रियेचा दिवस धरायचा की सोडायचा, यावर आमच्याच बैठकीत दोन मतं निघाली. आता ओळ अशी आहे आणि वार-तारखा सिस्टर पेनाने भरतात:

शेवटची गोळी: मंगळवार संध्याकाळ.
गोळी घ्यायची नाही (डॉक्टरांनी सांगितलेला खाडा): बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार.
गोळी परत सुरू: ________ (ही जागा रिकामी असेल तर विचारल्याशिवाय घरी जाऊ नका.)

तिसरी ओळ शस्त्रक्रियेनंतर भरली जाते. त्यामुळे रुग्णाला तोच कागद परत घेऊन यावं लागतं. हे थोडं त्रासाचं आहे, पण रिकामी जागा दिसली की माणूस विचारतो. इथले वार आणि दिवस त्या आजींच्या बाबतीतले आहेत. गोळी थांबवायची की नाही आणि किती दिवस, हे प्रत्येक रुग्णाचं वेगळं असतं. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाचं तर फारच वेगळं. म्हणून छापील कागदावर दिवस ठेवलेच नाहीत.

याच निमित्ताने आम्ही रुग्णालयाचे बाकीचे कागद इंग्रजी शेजारी ठेवून पुन्हा वाचले. सीटी स्कॅनच्या सूचनांमध्ये मधुमेहाच्या एका गोळीपुढेही ‘होल्ड’ होता आणि तिथेही मराठीत ‘कायम ठेवा’ आलं होतं. तो कागद अजून छापायला गेला नव्हता.

परिणाम

आजींचा आकडा काही आठवड्यांत पुन्हा २ ते ३ मध्ये आला. नवीन कागद वापरात आहे. कागद दिल्यावर सिस्टर आता रुग्णालाच विचारतात, ‘घरी जाऊन सुनेला काय सांगाल?’ आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतात. याला दीड-दोन मिनिटं लागतात. गर्दीच्या दिवशी ती मिनिटं मिळत नाहीत, असं त्या प्रामाणिकपणे सांगतात.

सूनबाईंची मी भेट घेऊन माफी मागितली. त्यांनी विचारलं, ‘म्हणजे मी बरोबरच वाचलं होतं ना?’ हो, त्यांनी बरोबरच वाचलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

लांब, अवघड शब्दांपाशी भाषांतरकार आपोआप थांबतो, कोश उघडतो. ‘होल्ड’, ‘रन’, ‘टेक’, ‘सेट’ अशा तीन-चार अक्षरांच्या क्रियापदांपाशी कोणी थांबत नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात एकट्या ‘रन’ या क्रियापदाचे सहाशेच्या वर अर्थ नोंदवलेले आहेत. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी थांबलो नाही. आता आमच्याकडे वैद्यकीय कागद आला की आधी त्यातली सगळी छोटी क्रियापदं वेगळी लिहून काढतो आणि प्रत्येकापुढे डॉक्टरांना विचारतो: रुग्णाने नेमकं काय करायचं, हाताने, डब्यातल्या गोळीचं? पहिल्या वेळी हा प्रश्न फोनवर विचारला असता तर एका मिनिटात उत्तर मिळालं असतं.

दुसरं, पहिली चूक कळल्यावर मी उलट अर्थाचा शब्द शोधला. ‘चालू’ चुकलं, म्हणून ‘बंद’. घाबरलेला माणूस असाच विचार करतो. त्या दुपारी कागद वाटणं थांबवायला सांगून एक दिवस मागून घेतला असता तर आजींच्या त्या आठ संध्याकाळी वाचल्या असत्या. फोनवर ‘बंद करा’ सांगणाऱ्यांचा यात दोष नाही, त्यांनी माझाच शब्द वाचून दाखवला.

तिसरं अजून सुटलेलं नाही. डिस्चार्ज कार्ड आजही संगणकावरून इंग्रजीत छापून येतं आणि त्यात ‘होल्ड’ आणि ‘रिझ्यूम’ (परत सुरू करा) हे दोन्ही शब्द जसेच्या तसे आहेत. डॉक्टरांना ते तसेच हवे आहेत, कारण दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनाही ते वाचता आले पाहिजेत. ते मला पटतं. सध्या सिस्टर त्या ओळीखाली पेनाने मराठीत वार लिहितात, आणि ज्या दिवशी त्या रजेवर असतात त्या दिवशी ती जागा कोरी राहते.